पोराला उपचारासाठी कुठे न्यावे?

मेथी म्हटले की आपल्याला भाजी आठवते. पण शहरात 'मेथ' नावाची एक निराळीच वस्तू चोरून विकली जाते. तिचा आणि मेथीच्या भाजीचा काही एक संबंध नाही. ती एक जबर नशा आहे. तिचे पुरे नाव मेथॅम्फेटामाईन. नाव लांब आहे. वाचताना अडखळलात तरी हरकत नाही. दोनदा वाचा, म्हणजे जमेल.

मेथ पांढऱ्या पुडीसारखी असते, किंवा काचेच्या बारीक खड्यांसारखी असते. खडे बर्फासारखे दिसतात, म्हणून काही लोक तिला 'आइस' म्हणतात. तिचा एक चुलत भाऊ आहे. त्याचे नाव एमडी, म्हणजे मेफेड्रोन. आपल्या महाराष्ट्रात एमडीचेच नाव जास्त ऐकू येते. दोघांची जात एक, आणि दोघांचे करणेही जवळपास एक. म्हणून या धड्यात दोघांचा विचार मिळून करू.

'ही शहरातली थेरं, आपल्याला काय त्याचं?' असे कोणी म्हणेल. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे एका कारखान्यावर छापा घातला. तेथे शेकडो किलो एमडी सापडले. कुरकुंभ काही मुंबई नव्हे. आणि आपली पोरे तर पोटासाठी मुंबईला जातात, पुण्याला जातात. कोणी गाडी चालवितो, कोणी रात्रपाळी करतो. दोस्त सांगतो, 'ही पुडी घे, झोप येणार नाही, दुप्पट काम होईल.' पोरगा एकदा घेतो. मग दुसऱ्यांदा घेतो. पुढे पुडीच त्याला घेते.

ही नशा आली कोठून?

१८९३ साली जपानात एका शास्त्रज्ञाने मेथ प्रथम तयार केली. त्यांचे नाव नागाई. पुढे दुसरे महायुद्ध झाले. तेव्हा जपानने आणि जर्मनीने आपल्या सैनिकांना या जातीच्या गोळ्या दिल्या. हेतू एवढाच की झोप येऊ नये, थकवा वाटू नये. लढाई संपली. जपानातील उरलेला साठा बाजारात आला. हजारो माणसे व्यसनात बुडाली. शेवटी १९५१ साली जपान सरकारला कडक कायदा करावा लागला.

यातून काय कळते? झोप आणि भूक या देवाने दिलेल्या लगामासारख्या आहेत. लगाम तोडला की घोडा जोरात पळतो खरा, पण शेवटी छाती फुटून पडतो.

ओळखावे कसे?

माणूस दोन दोन, तीन तीन रात्री झोपत नाही. जेवत नाही. अंग झडते. बडबड वाढते. दात किडतात. छाती धडधडते. पैसे पुरत नाहीत. मग घरातली भांडी, मोबाईल, आईचे डोरले नाहीसे होते.

पुढे मनात संशय शिरतो. 'माझ्यावर पाळत ठेवलीय,' 'जेवणात काही कालवलंय,' असे तो म्हणतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घरचे घाबरतात. त्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. अहो, ही भुताची बाधा नव्हे. ही मेंदूला झालेली इजा आहे. तिच्यावर डॉक्टरचे औषध आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. छातीत कळ आली, झटके आले, अंग आगीसारखे तापले, तो जीव देण्याचे बोलू लागला किंवा हत्यार घेऊन धावू लागला, तर केंद्र शोधत बसू नका. १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. केंद्राचे नंतर पाहू.

आधी हे करू नका

आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली. अजूनही आईबाप मुलांची गाऱ्हाणी घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्या बोलण्यात चार उपाय हटकून येतात. ते चारही उपाय घातक आहेत.

पहिला उपाय, मारणे आणि खोलीत कोंडणे. माराने व्यसन जात नाही. संशयाने पछाडलेल्या माणसाला मारले, तर घरचेच वैरी आहेत ही त्याची समजूत पक्की होते. शिवाय कोंडलेला माणूस एकटा पडतो, आणि या नशेतून बाहेर येताना एकटे असणे फार वाईट.

दुसरा उपाय, चहातून किंवा भाजीतून गुपचूप औषध पाजणे. अशा पुड्या बाजारात विकतात. पुडीत काय असते, हे विकणाराही सांगत नाही. दारू पिणाऱ्याला नकळत अशी काही औषधे दिली आणि तो वरून दारू प्याला, तर जिवावर बेतते. मेथचे आणि एमडीचे व्यसन अशा चोरट्या औषधाने मुळीच सुटत नाही.

तिसरा उपाय, घाईने जमीन विकणे. काही लोक आईबापांची हातघाई ओळखून लाखाची बात करतात. थांबा. सरकारी दवाखान्यात मानसोपचार मिळतो. आधी तेथे विचारा.

चौथा उपाय सर्वांत वाईट. तो म्हणजे लग्न. 'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की आपोआप सुधारेल,' असे चार शहाणे सांगतात. लग्न हे औषध नव्हे. परक्याची लेक ही काही औषधाची बाटली नव्हे. एका घरातली आग विझविण्यासाठी दुसऱ्या घरची मुलगी तीत टाकायची, हा कुठला न्याय? आधी पोरगा बरा करा. वर्ष दोन वर्षे धीर धरा. मग मुलीकडच्यांना खरे सांगून लग्नाचे बोला.

मग न्यावे कुठे?

पहिली पायरी फोन. फोनला पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या आजारासाठी 'टेलिमानस' नावाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तेथे रात्रीसुद्धा बोलता येते आणि मराठीतून बोलता येते. हे दोन आकडे घरात भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरी पायरी जिल्हा रुग्णालय. तेथे मानसिक आजाराच्या विभागात दाखवा. डॉक्टर नाडी, रक्तदाब, हृदय तपासतील. मन तपासतील. दाखल करण्याची गरज आहे की घरी राहून औषध व सल्ला चालेल, हे तेच सांगतील. प्रत्येकालाच दाखल व्हावे लागते असे नाही. पण घर सोडले की पुडी, अशी स्थिती असेल, किंवा संशय व भास फार असतील, तर काही दिवस राहून उपचार घेणे बरे.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची मोठी मनोरुग्णालये आहेत. तेथे वेडेच जातात, ही समजूत सोडून द्या.

तिसरी पायरी व्यसनमुक्ती केंद्र. पुण्याचे मुक्तांगण पुष्कळांना ऐकून माहीत असेल. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झाले. त्या काळी गर्द नावाच्या नशेने तरुण पोरे वाया जात होती. डॉ. अनिता अवचट या मानसरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी व त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी हे केंद्र उभे केले. लेखक पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी पैशाची मदत केली. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. बायकांसाठी तेथे वेगळा विभाग आहे. बायामाणसांनाही व्यसन लागते, आणि त्यांनाही उपचाराचा तेवढाच हक्क आहे.

याशिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्याजवळ कोणते आहे, हे समाजकल्याण कचेरीत विचारावे. १४४४६ वरही विचारता येते.

केंद्र पारखावे कसे?

बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, मग सौदा करतो. मग पोटचा गोळा ज्यांच्या हाती द्यायचा, त्यांना चार प्रश्न का विचारू नयेत? समजा, एक आई केंद्रात चौकशीला गेली आहे. तिथल्या समुपदेशक ताईंशी तिने असे बोलावे :

'ताई, सरकारची नोंदणी हाय का? कागद दावाल का?'

'हो आई, हा पाहा कागद. वाचता येतं ना?'

'येतं आता. डागदर रोज येतो का?'

'रोज सकाळी येतात. मानसरोगाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. रात्री काही झालं तर जवळच्या दवाखान्यात नेतो. त्याचं नाव या कागदावर आहे.'

'पोराला मारत तर न्हाई ना? बांधून ठेवत न्हाई ना?'

'नाही आई. इथं कुणावर हात उगारायचा नाही, असा नियमच आहे.'

'मला त्याला भेटता येईल का?'

'भेटीचे दिवस ठरलेले आहेत. आणि घरच्यांची सभाही असते. तिला तुम्ही आलंच पाहिजे.'

'पैसं किती? वरखर्च काय?'

'सगळं या कागदावर लिहिलंय. औषधाचे वेगळे पडतात. भरलेल्या पैशाची पावती देऊ. सवलतीसाठी रेशनकार्ड आणा.'

'महिन्यानं पोरगा पक्का बरा हुईल, असं लिहून देता का?'

'नाही आई. तसं कुणालाच लिहून देता येत नाही. आम्ही वाट दाखवू, सोबत करू. चालायचं त्याला आहे.'

या शेवटच्या उत्तरावर आईने खूश व्हावे. जो 'शंभर टक्के खात्री' देतो, त्याच्यापासून लांब राहावे. जो आतली खोली, स्वयंपाकघर, संडास पाहू देत नाही, त्याच्यापासूनही लांब राहावे. जो म्हणतो, 'फक्त फोन करा, आमची माणसं रात्री येऊन उचलून नेतील,' त्याच्या तर वाऱ्याला उभे राहू नये.

कायदा काय सांगतो?

२०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला. तो २०१८ पासून लागू आहे. व्यसनातून झालेला मनाचा आजारही त्यात धरला आहे. अशा रोग्याला साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले आहे. अशा रोग्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते.

सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने दाखल होतो, हा सरळ मार्ग. मर्जी नसताना दाखल करणे हा शेवटचा मार्ग. त्याला कडक अटी आहेत. आजार गंभीर असावा लागतो, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असावा लागतो, किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नसावा लागतो. मानसरोगतज्ज्ञ व आणखी एक जाणकार अशा दोघांनी त्याला वेगवेगळे तपासावे लागते. अशी पहिली मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते.

'पोलिसांना कळलं तर?' ही भीती घरोघरी असते. डॉक्टर हा उपचार करण्यासाठी असतो, पकडून देण्यासाठी नव्हे. अमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा आहे. त्यातही एक दार उघडे ठेवले आहे. नशा केल्याचा किंवा थोडा माल जवळ बाळगल्याचा खटला झालेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल आणि तो पुरा करील, तर त्याला त्या खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट टाकला, तर सूट जाते. माल विकणाऱ्या धंदेवाल्याला मात्र ही सवलत नाही.

पोराशी बोलावे कसे?

तो नशेत असताना बोलू नये. झोप झाली, पोटात अन्न गेले, डोके शांत झाले, मग बोलावे. सगळ्या भावकीने घेरून बसू नये. तो ज्याचे ऐकतो अशा एक दोघांनी बोलावे. मामा असेल, थोरली बहीण असेल. 'तू वाईट आहेस' असे म्हणू नये. 'तुला आजार झाला आहे, आपण मिळून इलाज करू,' असे म्हणावे. तो हो म्हणाला की त्याच आठवड्यात निघावे. हो म्हणण्याचा क्षण पावसाच्या वाफशासारखा असतो. चुकला की पेरणी लांबते.

निघताना आधारकार्ड, रेशनकार्ड, जुने दवाखान्याचे कागद आणि चालू औषधे बरोबर घ्यावीत. साधे कपडे द्यावेत. दागिना आणि रोख पैसे त्याच्याजवळ देऊ नयेत.

महिनाभरात काय होते?

पहिले काही दिवस तो झोप झोप झोपतो. खा खा खातो. मन मात्र खचलेले असते. काहीच गोड लागत नाही. चिडचिड होते. पुडीची ओढ लागते. जीव द्यावा असेही काहींना वाटते. म्हणूनच या दिवसांत कोणीतरी सतत जवळ असावे लागते. निवासी केंद्राचा पहिला उपयोग हाच.

मेथचे व्यसन सोडविणारी एखादी ठरावीक गोळी नाही. भास, संशय, उदासी व झोप यांसाठी डॉक्टर औषधे देतात. पण मुख्य इलाज बोलण्याचा आणि शिकण्याचा. ओढ कधी लागते? कोणाच्या संगतीत लागते? हातात पगार आला की लागते का? त्या वेळी काय करायचे? हे समुपदेशक त्याच्याकडून काढून घेतात. रोज उठणे, अंघोळ, व्यायाम, काम, जेवण, गटात बसून बोलणे, असा दिनक्रम असतो. सुटलेला लगाम पुन्हा हातात येऊ लागतो.

दारू किंवा गर्द यांचेही व्यसन जोडीला असेल, तर दाखल होतानाच सांगावे. काही लपवू नये. रोज खूप दारू पिणारा एकदम बंद झाला, तर झटके येऊन जिवाला धोका होतो. तेथे डॉक्टरच्या देखरेखीखालीच दारू सोडवावी लागते.

घरी आल्यावर

भाताची रोपे आपण एका जागी वाढवितो आणि मग दुसरीकडे लावतो. लावणीनंतरच्या दिवसांत पाणी तुटले तर रोप जळते. केंद्रातून घरी आलेला माणूस तसाच असतो. महिना म्हणजे फक्त रोप तयार झाले. पीक अजून दूर आहे. वर्षभर आणि त्याहून जास्त काळ नशेपासून दूर राहिलेल्या माणसांच्या मेंदूची चित्रे डॉक्टरांनी यंत्राने काढून पाहिली आहेत. मेंदूची झीज बऱ्याच अंशी भरून येते, असे त्यांना दिसले. पण त्याला एवढा काळ लागतो.

म्हणून ठरलेल्या तारखेला पुन्हा केंद्रात किंवा दवाखान्यात जावे. जुने दोस्त आणि जुना फोन नंबर सोडावा. शक्य तर काही महिने जुन्या नोकरीवर पाठवू नये. पगार थोडे दिवस घरच्यांच्या हाती असावा. रोज उठून टोमणे मारू नयेत. त्याला काम द्यावे आणि विश्वासही थोडा थोडा द्यावा. 'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस' नावाच्या सभा मोठ्या शहरांत भरतात. व्यसन सोडलेली माणसे तेथे एकमेकांना धीर देतात. त्याला पैसे लागत नाहीत.

पुष्कळ जणांचा पाय पुन्हा एकदा घसरतो. तेव्हा 'सगळं पाण्यात गेलं' असे म्हणू नका. मधुमेहवाल्याची साखर वाढली, तर आपण त्याला घराबाहेर काढतो का? पुन्हा डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच करायचे. मात्र वेळ दवडायची नाही.

आणि घरच्यांनी स्वतःलाही जपावे. लाजेने दार लावून बसलेली आई, मार खाणारी बायको, घाबरलेली मुले, यांनाही आधार हवा. चांगल्या केंद्रात घरच्यांचेही गट असतात. तेथे जावे. आजार लपविला तर तो वाढतो. शेजाऱ्यांनीही तोंड फिरवू नये. आज त्यांच्या घरी आहे, उद्या आपल्या घरी असेल. पोरगा केंद्रातून परत येईल तेव्हा पारावर त्याला बोलवा, चहा द्या आणि मागचे विचारू नका.

नवे शब्द

समुपदेशक : बोलून, समजावून वाट दाखविणारा जाणकार.
निवासी उपचार : तेथेच राहून घ्यावयाचा इलाज.
भास : नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे.
सज्ञान : अठरा वर्षे पूर्ण झालेला.

वाचा आणि सांगा

१. मेथ आणि एमडी घेणाऱ्या माणसाची कोणती लक्षणे दिसतात?
२. कोणते चार उपाय करू नयेत? का?
३. १०८, १४४४६ आणि १४४१६ हे क्रमांक कशासाठी आहेत? वहीत लिहा.
४. केंद्र पाहायला गेल्यावर आईने कोणते प्रश्न विचारले? तुम्ही आणखी कोणता विचाराल?
५. 'लग्न केल्यावर पोरगा सुधारतो' या बोलण्यावर वर्गात चर्चा करा. बायकांनी आधी बोलावे.